खोक्यावर 3000 वॅट, अडॅप्टरवर 5

नागपुरात बर्डीवर कॉम्प्युटरचे स्पीकर घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. दिवाळीच्या तोंडावर मी तिथं 1,400 रुपये घालवून बसलो.

बाबा रिटायर झाल्यापासून दुपारी कॉम्प्युटरवर भजनं ऐकतात. मॉनिटरचा आवाज त्यांना पुरत नाही, म्हणून स्वस्तातला 2.1 सेट घ्यायचं ठरवलं. दोन लहान स्पीकर, एक वूफर. दुकानदारानं खोका पुढं केला. त्यावर ठळक अक्षरात '3000 वॅट पीएमपीओ'. "घेऊन जा न भाऊ, सारं घर हालते पाहा." स्वतःच्या पेनड्राइव्हवरचं ढोलाचं गाणं लावलं, काउंटर थरथरला. वूफर उचलला तर चांगला जड. मी पैसे मोजले.

घरी पेटीचे सूर सुरू झाले आणि आवाज अर्ध्यावर नेताच फाटायला लागला. शब्द कळेनात. बाबा म्हणाले, "राहू दे रे, चालते." ते मला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी वूफरचे मागचे स्क्रू काढले. समोरून दोन गोल दिसत होते. खालच्याला वायरच नव्हती, नुसतं प्लास्टिक. तळाशी सिमेंटचा गट्टू चिकटवलेला. वजन होतं ते त्याचं!

मग अडॅप्टर पाहिला: 5 व्होल्ट, 1 अँपियर. गुणाकार केला की 5 वॅट. जेवढी वीज आत जाते, तिच्याहून जास्त ताकद सलग बाहेर येणारच नाही. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा आकडा, त्याला ठरलेलं माप नाही, वाटेल तो छापता येतो. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. यूएसबीवर चालणाऱ्या लहान जोडीचंही तेच: यूएसबी 2.0 पोर्टमधून 500 मिलिअँपियर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट मिळतात. कमी आकड्याला मात्र घाबरू नका. टेबलाशी बसून ऐकायला खरे चार-पाच वॅट पुष्कळ होतात.

परत गेलो तर तो म्हणतो, "आमच्याच दुकानातला हे कशावरून?" माझ्याकडे होती फक्त 'स्पीकर 1 नग' लिहिलेली चिठ्ठी. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. पक्कं बिल न देणं आणि सदोष माल परत न घेणं, दोन्ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर मुदत लिहिली नसेल तर माल परत द्यायला 30 दिवस मिळतात. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. पण हातात बिल असेल तर तुमची बाजू भक्कम, म्हणून पैसे देण्याआधीच ते मागा.

येत्या रविवारी बाबांना सोबत घेऊन जाणार आहे. आधी अडॅप्टर वाचीन, मग माझ्या मोबाइलवरून त्यांचंच भजन लावून ऐकवीन. लावू दिलं नाही तर पुढचं दुकान.