‘सर, आपली निवड झाली आहे’: उद्योजकांना विकले जाणारे पुरस्कार, पदव्या आणि पानं

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कारखाना जरा नावारूपाला आला की मालकाला असा फोन येतोच. ‘बिझनेस लीडर ऑफ द इयर’साठी निवड झाली, मुंबईच्या मोठ्या हॉटेलात सोहळा, पुरस्कार नामवंत अभिनेत्याच्या हस्ते. निवड फुकट असते. पैसे मागितले जातात ते नोंदणीचे, व्हिडिओचे, टेबलाचे. 50,000 सांगितलेले, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 59,000.

बिलावर ‘पुरस्कार’ हा शब्द सहसा नसतो. ‘कार्यक्रम सहभाग’ किंवा ‘जाहिरात सेवा’ लिहिलेलं असतं, आणि ती सेवा मिळालेलीही असते. म्हणूनच नंतर फसवणुकीची तक्रार उभी राहणं अवघड जातं. फोनवर जे कबूल केलं ते पैसे देण्याआधी ईमेलवर मागा; निवड समितीत कोण, निकष काय, गेल्या वर्षी कुणाला मिळाला. खरा पुरस्कार देणारे हे लपवत नाहीत.

बिलावरचा जीएसटी क्रमांकही पुष्कळ सांगतो. 15 अक्षरांपैकी पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27), पुढची दहा अक्षरं पॅनची. पूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर C असेल तर कंपनी, T असेल तर ट्रस्ट, P असेल तर एकटी व्यक्ती. ‘इंटरनॅशनल कौन्सिल’च्या बिलावर P दिसला की समजून घ्या. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता हा क्रमांक तपासता येतो.

दुसरा फोन मानद डॉक्टरेटचा, आणि हा सर्वांत घातक. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, 1956 च्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. ट्रस्टची नोंदणी किंवा आयएसओ प्रमाणपत्र दाखवून तो मिळत नाही. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे संस्था खरी, असं नव्हे. विकत घेतलेलं ‘डॉ.’ लेटरहेडवर छापून बँकेत प्रस्ताव दिला आणि कुणी खोदून विचारलं, तर इतकी वर्षं कमावलेला विश्वास त्या एका अक्षरापायी जातो.

मग विकिपीडियाचं पान. तिथे पान करायला शुल्क नाही, आणि स्वतंत्र, विश्वासार्ह संदर्भ नसतील तर पैसे देऊनही ते टिकत नाही. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसं जाहीर करणं बंधनकारक आहे. 2015 मध्ये इंग्रजी विकिपीडियाने तसं जाहीर न करणाऱ्या एका टोळीची 381 खाती बंद केली. त्या टोळीची माणसं नाकारलेले मसुदे हेरून पैसे मागत, आणि पुढे पान ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी दरमहा हप्ता.

प्रसिद्धीचं काम पाहणारी एजन्सी खरी असली तरी डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घ्या. फेसबुक पेजचं पूर्ण नियंत्रण आपल्याकडे ठेवून एजन्सीला मर्यादित प्रवेश द्या. लिंक्डइनचा पासवर्ड आणि ओटीपी कुणालाच नको. करार संपताना डोमेन अडकलं की ते सोडवायला पुन्हा पैसे मोजावे लागतात.

पैसे ऑनलाइन गेले आणि समोरचा गायब झाला असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त. सेवा अर्धवट दिली असेल तर आधी लेखी नोटीस द्या. चॅट, बिल, यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा क्रमांक) जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका. आणि ते ‘डॉ.’ व्हिजिटिंग कार्डावरून, संकेतस्थळावरून, निविदेच्या कागदांवरून आजच काढा.