मामा की पोरगा? राखीव गोलकीपरची एकच जागा असेल तर

सोलापूरची गड्डा जत्रा उठली, ऊन चढायला लागलं, की आमच्या फुटबॉल संघात उन्हाळी स्पर्धांच्या यादीची बोलणी सुरू होतात. पहिले अकरा जवळजवळ ठरलेले असतात. वाद पेटतो तो राखीव गोलकीपरवर. यादीत मोजकीच नावं बसतात आणि त्यात दुसऱ्या कीपरला जागा एकच. त्या एका जागेला बऱ्याच संघांकडे दोन माणसं असतात. एक वर्षानुवर्षं बाकावर बसणारा, पण अख्ख्या मैदानाचा लाडका. दुसरा एकोणीस-वीस वर्षांचा, उंच, चपळ, खेळायला आसुसलेला.

हा निर्णय मी घेतला आहे, त्यामुळे यंदा तुमच्यावर ती वेळ आली असेल तर दोघांबद्दल जे पाहिलं ते मांडतो. नावं लिहीत नाही. थोरल्याला आमच्याकडे सगळे मामा म्हणतात, धाकट्याला पोरगा म्हणू. मामाची नोकरी एक हंगाम पुण्याला गेली, तेव्हा पोरगा बाकावर होता. पुढच्या हंगामात मामा परत आला. आमचा पहिला कीपर तसा धडधाकट, पण बोटाच्या दुखण्यानं अधूनमधून बसतो. त्यामुळे दोघांनाही आमच्याच बचावफळीमागे उभं राहिलेलं बघायला मिळालं.

हातांचं आधी उरकतो, कारण तिथं फार वाद नाही. पोरगा सरस आहे. डाव्या खांबाजवळ खाली येणारा चेंडू मामाला आता गाठता येत नाही, पोरगा तो बोटांनी बाहेर काढतो. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर झेप घ्यायची म्हणजे कोपर-गुडघे सोलून घ्यायची तयारी लागते. पोराला त्याचं काही वाटत नाही, मामा मात्र आता विचार करून पडतो. गोलकिक पोराची मध्यरेषेच्या पार जाते. पायाशी चेंडू आला तर पोरगा शांतपणे पास देतो, मामा लांब मारून मोकळा होतो. पेनल्टीला दोघं सारखेच वाटले. मामा शेवटपर्यंत हलत नाही, पोरगा आधी झेपावतो. दोघांच्याही पदरात थोडंफार पडतं. नुसते हात बघून निवडायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, पोराला घ्या.

आता लोकांच्या प्रेमाचं. मामाला ठेवा म्हणणारे आमच्यात बहुतेक लिव्हरपूल या इंग्लिश क्लबचे चाहते आहेत, आणि त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे क्विवीन केलेहर. तो मुद्दा नीट बघायला हवा, कारण मला तो उलट्या बाजूचा वाटतो.

केलेहर लिव्हरपूलच्या पहिल्या कीपरच्या, ॲलिसनच्या, मागे बाकावर होता आणि अँफिल्डचा, म्हणजे त्यांच्या मैदानाचा, लाडका होता, हे खरं. डिसेंबर २०२१ मध्ये लीग कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लेस्टरविरुद्ध त्यानं पेनल्टी अडवल्या. फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक क्लॉपनं ॲलिसनला बसवून त्यालाच उभं केलं. चेल्सीविरुद्ध पेनल्टी ११-१० पर्यंत गेल्या, अकरावी केलेहरनं स्वतः मारली, आणि त्यानंतर चेल्सीचा कीपर केपा यानं चेंडू बारच्या वरून घालवला. केपा हासुद्धा राखीवच होता, पेनल्टीसाठी म्हणून शेवटच्या क्षणी पहिल्या कीपर मेंडीच्या जागी आणलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध केलेहरनं एम्बापेची पेनल्टी अडवली, तेव्हा आमच्या गटातही रात्री उशिरापर्यंत जागरण झालं होतं. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात तो ब्रेंटफर्डला गेला. व्हॅलेन्सियाचा कीपर मामार्दाश्विली घ्यायचं लिव्हरपूलनं त्याच्या आदल्या वर्षीच ठरवलं होतं. "असा माणूस सोडतात का बे?" हा प्रश्न तेव्हापासून आमच्याकडे मिटलेला नाही.

पण जाताना केलेहर सव्वीस वर्षांचा होता. त्याला पहिला कीपर व्हायचं होतं आणि ती लायकी त्याच्यात होती. अशा माणसाला आणखी पाच वर्षं टाळ्या वाजवून बाकावर ठेवणं हे त्याच्यावर प्रेम नव्हे. ब्रेंटफर्डला त्याला दर आठवड्याला खेळायला मिळतं. म्हणजे आमच्या वादात केलेहर मामा नाहीच, केलेहर म्हणजे पोरगा.

मामा शोधायचा तर मँचेस्टर सिटीत शोधावा लागतो. राखीव कीपर स्कॉट कार्सन तिथं २०१९ मध्ये आला आणि २०२५ पर्यंत राहिला. प्रीमियर लीगमध्ये सिटीकडून तो एकच सामना खेळला, मे २०२१ मध्ये न्यूकॅसलविरुद्ध. चॅम्पियन्स लीगमध्ये २०२२ साली स्पोर्टिंगविरुद्ध शेवटची काही मिनिटं. इतकंच. तरी ग्वार्डिओलासारख्या प्रशिक्षकानं त्याला वर्षानुवर्षं संघात ठेवलं. ते काही टाळ्यांसाठी नसणार. सरावात, ड्रेसिंग रूममध्ये, पहिल्या कीपरच्या शेजारी त्या माणसाचं काहीतरी काम असणार. आमच्या मामाचं काम कोणतं, हे मला पोरगा बाकावर असलेल्या हंगामात समजलं.

पोरगा बोलत नाही.

एवढीच गोष्ट, आणि माझा निर्णय तिच्यावरच झाला. घरी, चहाच्या टपरीवर, मित्रांत तो भरपूर बोलतो. गोलपोस्टमध्ये उभा राहिला की तोंडाला कुलूप. कॉर्नर येतोय, कुणी कुणाला धरायचं, मागच्या खांबावर कोण मोकळा आहे, बॅकनं, म्हणजे बचावपटूनं, पुढं सरकायचं की थांबायचं, हे सगळं त्याला दिसत असतं. नंतर विचारलं तर अचूक सांगतो. त्या क्षणी मात्र एक शब्द नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते एका उजवीकडून आलेल्या क्रॉसवर. पोरगा बाहेर आला, योग्य वेळी आला, चेंडू त्याचाच होता. पण "कीपर!" म्हणून हाक नाही. आमचा सेंटर बॅकही उडाला, दोघं एकमेकांवर आदळले, चेंडू सुटला आणि समोरच्यानं रिकाम्या जाळीत ढकलला. असे गोल होतात, त्याबद्दल कुणी कुणाला बोललं नाही. मला खटकायला लागलं ते त्यानंतरचं. आमचे बॅक मागे वळून बघायला लागले. चेंडू हवेत असताना सेंटर बॅक एकदा मान वळवून बघतो, कीपर कुठे आहे, येतोय की थांबलाय. त्या अर्ध्या सेकंदात त्यानं धरलेला समोरचा स्ट्रायकर हातभर सुटतो. हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही. गोल झाला की नाव बॅकचं खराब होतं आणि पोराच्या खात्यावर चांगले सेव्हच दिसतात. पण बाजूला उभं राहून बघणाऱ्याला ती वळणारी मान दिसते, आणि एकदा दिसायला लागली की दुसरं काही दिसत नाही. सामन्यागणिक तेच. बाहेरून आमची पोरं ओरडायची, "तोंड उघड बे!" तो हात वर करून हो म्हणायचा, आणि पुढच्या कॉर्नरला पुन्हा तेच.

१९९२ पासून सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू कीपरला हातात घेता येत नाही. त्यामुळे बॅकला मागे पास द्यायचा तर आधी कळायला हवं की कीपर तयार आहे का, अंगावर कुणी येतंय का. हे सांगणारा मैदानात एकच माणूस असतो, कारण अख्खं मैदान त्याच्याच समोर असतं. काय ओरडायचं यालाही पद्धत आहे. नुसतं "सोड!" म्हटलं तर समोरचा खेळाडूही थबकतो, आणि बोलून विचलित केलं म्हणून रेफरी तुमच्याविरुद्ध फ्री किक देऊ शकतो. म्हणून "कीपर!" किंवा बॅकचं नाव घेऊन, स्पष्ट, लवकर. लवकर हे जास्त महत्त्वाचं.

मामा हे करतो. आणि सोलापुरात ते करायला जरा जास्त लागतं. आमचा उजवा बॅक अशोक चौकाकडचा, घरी तेलुगू बोलणारा. सेंटर बॅक अक्कलकोट रोडचा, कन्नडवाला. डावीकडचा हिंदी-उर्दूत विचार करतो. मराठी सगळ्यांना येतं, पण धापा टाकत असताना माणूस आपल्या घरच्या भाषेतली हाक आधी ऐकतो, असं मला तरी दिसलं. मामा प्रत्येकाला त्याच्या भाषेत हाकारतो आणि सोबत नाव घेतो. मामा पोस्टमध्ये असताना आमचे बॅक मागे बघत नाहीत. मामाचे हात पोरापेक्षा कमी असूनही त्याच्या सामन्यांत आम्ही जास्त निवांत वाटलो, ते यामुळे. हे मी मोजलेलं नाही, तुमच्याकडे वेगळं असू शकतं. पण मामाला झेपच कमी वेळा घ्यावी लागली, हे मला ठामपणे आठवतं.

बाकावर असतानाही तो गप्प नसतो. हाफ टाइमला पहिल्या कीपरला बाजूला घेऊन दोनच गोष्टी सांगतो: समोरचा दहा नंबर कुठल्या पायानं मारतो आणि वारा कुठून येतोय. पहिला कीपर त्याचं ऐकतो, कारण हा माणूस आपली जागा घ्यायला टपलेला नाही, हे त्याला माहीत आहे.

लाडका राखीव ठेवण्यात एक खरा धोकाही आहे. पहिल्याच्या हातून एक चेंडू सुटला की प्रेक्षकांतून मामाच्या नावाचा गजर सुरू होतो, आणि पोस्टमधल्या माणसाला ते ऐकू जातं. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सचा प्रशिक्षक व्हान खाल यानं कोस्टा रिकाविरुद्ध १२० व्या मिनिटाला पहिला कीपर सिलेसनला काढून राखीव टिम क्रुलला आणलं. क्रुलनं दोन पेनल्टी अडवल्या आणि नेदरलँड्स जिंकलं. सगळ्यांना क्रुल आठवतो. बाहेर येताना सिलेसननं रागानं बाटलीला लाथ मारली होती, ते कमी लोकांना आठवतं. चार दिवसांनी अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा पेनल्टीची वेळ आली, तोवर तिन्ही बदल संपलेले होते. ज्याला शेवटच्या क्षणी बाहेर काढलं होतं त्या सिलेसनलाच उभं राहावं लागलं, आणि डच ४-२ नं हरले. बाटलीचा आणि त्या हरण्याचा संबंध होताच, असं मी म्हणणार नाही. पण राखीवावर टाळ्यांचा पाऊस पडतो तेव्हा पहिल्याच्या मनात काय चालतं, हे संघ चालवणाऱ्यानं बघायलाच हवं. आमच्याकडे मामाच उठून प्रेक्षकांना गप्प करतो आणि पहिल्याच्या नावानं टाळ्या सुरू करतो. तुमचा लाडका राखीव असा नसेल, गजर ऐकून सुखावणारा असेल, तर माझं मत फिरेल. मग पोरगाच बरा.

आणखी दोन बाबतींत मी पोराकडे झुकेन. तुमचा पहिला कीपर वारंवार दुखावत असेल आणि राखीवाला अर्धी स्पर्धा खेळावी लागणार असेल, तर एप्रिल-मेच्या चाळिशीपारच्या उन्हात मामाच्या वयाच्या माणसाला सलग उभं करू नका. आणि तुमचा सेंटर बॅक स्वतःच गडगडाटी आवाजाचा असेल, तर गप्प कीपर चालून जातो. आमचा सेंटर बॅक अबोल आहे. त्यामुळे आमच्याकडे पारडं मामाकडे गेलं, आणि पुन्हा यादी करायची झाली तरी बहुधा तिकडेच जाईल.

पोराचं वाईट वाटतं, हे उघड सांगतो. एवढे चांगले हात असलेला मुलगा यादीबाहेर ठेवताना घास गोड लागत नाही. पण त्याला बाकावर बसवून बोलायला शिकवता येईल, यावर माझा विश्वास नाही. आवाज सामन्यातच फुटतो, चूक झाल्यावर बॅकनं कान उपटले की फुटतो. त्यासाठी त्याला पहिला कीपर म्हणून पूर्ण सामने खेळायला हवेत. आम्ही जुळे सोलापूरच्या एका ओळखीच्या संघाशी बोललो. त्यांच्याकडे कीपरच नव्हता, तिथं तो पहिल्या सामन्यापासून उभा राहिला. सकाळच्या सरावाला अजून आमच्याकडेच येतो, आणि मामा त्याला कॉर्नरला उभं करून प्रत्येक चेंडूआधी हाक मारायला लावतो. आता थोडी ऐकू येते.

तुम्ही कुणालाही निवडा, ज्याचं नाव गळणार आहे त्याला यादी व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी समोर बसवून सांगा. तेही नोंदणी बंद व्हायच्या आठवडाभर आधी, म्हणजे त्याला दुसऱ्या संघात नाव देता येतं.