रॅली-एक्स, न्यू रॅली-एक्स की हेड ऑन? सुट्टीत गाड्यांचा कोणता भुलभुलैया खेळायचा

गाड्यांचा जुना गेम म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला पहिल्यांदा रोड फायटरच आठवतो. कोनामी कंपनीचा, १९८४ सालचा. टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमधून तो अमळनेरपासून शहाद्यापर्यंत घरोघरी पोचला. गेम झकासच आहे, पण त्यात रस्ता एकच, सरळ वर जाणारा. कुठे वळायचं हा प्रश्न त्यात पडतच नाही. ज्यांना गल्लीबोळांतून गाडी पळवायची आहे, मागे लागलेल्यांना चकवायचं आहे आणि डोक्यात नकाशा धरून खेळायचं आहे, त्यांचं भागवणारे गेम वेगळे. त्यातले तीन मी इथे शेजारी शेजारी मांडतोय: सेगा-ग्रेमलिनचा हेड ऑन (१९७९), नामकोचा रॅली-एक्स (१९८०) आणि त्याचीच सुधारलेली आवृत्ती न्यू रॅली-एक्स (१९८१).

घाईत असाल तर माझं मत आधीच सांगतो. सात-आठ वर्षांच्या पोराला हेड ऑन द्या. त्याहून मोठ्यांनी न्यू रॅली-एक्सपासून सुरुवात करावी. मूळ रॅली-एक्स त्यानंतर, पण तो घ्याच. तिघांत सगळ्यात सकस गेम तोच आहे, फक्त पहिल्या दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नये.

हा प्रश्न दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास येतो. बहिणी माहेरी आलेल्या असतात, पोरं घरात, आणि मे महिन्यात आपल्याकडे दुपारी बारा ते पाच बाहेर पाय ठेवायची सोय नसते. कॅरम होतो, पत्ते होतात, मग भाचे विचारतात, "मामा, तुमचा जुना गेम लावा ना." तेव्हा कोणता लावायचा हे आधी ठरलेलं असलेलं बरं. चुकीचा लावला तर दहा मिनिटांत पोरं परत मोबाइलकडे वळतात.

रॅली-एक्स: रडार वाचायचं कसं

खेळ सांगायला सोपा आहे. तुमची गाडी निळी. प्रत्येक राउंडमध्ये दहा पिवळे झेंडे, ते सगळे गोळा केले की राउंड संपला. मागे लाल गाड्या. त्यांची धडक बसली की एक लाइफ गेली. गाडी थांबत नाही, ती पळतच राहते. आपण फक्त दिशा द्यायची. एका बटणावर मागे धूर सोडता येतो. लाल गाडी त्या धुरात शिरली की काही क्षण गरगरत राहते. धुराला पेट्रोल लागतं, आणि टाकीत पेट्रोल मोजकंच असतं. नुसते झेंडे गोळा करायला ते साधारण पुरतं. उठसूट धूर सोडत बसलं तर पुरत नाही. टाकी रिकामी झाली की धूर बंद होतो, गाडी मंदावते आणि लाल गाड्या येऊन गाठतात.

खरी गंमत उजव्या बाजूच्या रडारमध्ये आहे. भुलभुलैया पडद्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, गाडीभोवतीचा थोडाच भाग समोर दिसतो. कोणते झेंडे राहिले आणि लाल गाड्या कुठे आहेत, हे रडार ठिपक्यांनी दाखवतं. भिंती मात्र दाखवत नाही. तापीच्या अलीकडे उभं राहून पलीकडचं शेत दिसावं आणि पूल कुठे आहे ते कळू नये, तसं होतं. झेंडा अगदी जवळ दिसतो, तिकडे वळावं तर मध्ये भिंत असते आणि लांबून वळसा घालावा लागतो.

माझी आई पारोळ्याकडची, बोलणं अहिराणी. नातू खेळत असताना ती मागच्या खुर्चीत बसून पाहत होती. नातवाची नजर रडारला चिकटलेली, अंगठा उजवीकडे दाबलेला. आई म्हणाली, "कथा चालना रे भाऊ, तठे भित शे ना!" (कुठे चाललास रे भाऊ, तिथे भिंत आहे ना!) गाडी भिंतीला लागली, भलतीकडे वळली आणि थेट लाल गाडीच्या तोंडी गेली. नवीन खेळणारा कुठे फसतो ते बाजूच्या माणसाला बरोबर दिसतं. रडार फक्त दिशा ठरवण्यापुरतं. एकदा पाहायचं, "वर डावीकडे तीन झेंडे आहेत" एवढं मनात धरायचं आणि नजर परत गाडीच्या पुढच्या दोन वळणांवर आणायची.

आणखी एक गोष्ट रडारवर येत नाही: दगड. ते रस्त्यात पडलेले असतात, पुढच्या राउंडमध्ये वाढत जातात, आणि धुराचा त्यांच्यावर काही उपयोग नाही. धडकलं की लाइफ गेली. पुढे दगड, मागे लाल गाडी अशा गल्लीत सापडलं तर सुटका जवळजवळ नसते. म्हणून अनोळखी गल्लीत शिरण्याआधी तिचं दुसरं टोक पडद्यावर दिसेपर्यंत वळायची घाई करू नये.

धूर कधी सोडायचा, यावर माझा अनुभव असा. लाल गाडी लांब असताना सोडलेला धूर वाया जातो. ती अगदी मागे आली आणि आपण अरुंद गल्लीत आहोत, तेव्हा एकच फुसका सोडायचा आणि लगेच पुढचं वळण घ्यायचं. बटण दाबून धरायचं नाही. समोरून येणाऱ्या गाडीसाठी धुरावर विसंबू नका, तो मागे पडतो. तिथे वळणंच कामाला येतं.

आता गुणांचा हिशेब, कारण निम्मा डाव त्यावरच ठरतो. पहिला झेंडा १०० गुणांचा, दुसरा २००, असं करत दहावा १००० चा. एकाच लाइफमध्ये दहाही घेतले तर झाले ५५००. मध्ये लाइफ गेली की मोजणी पुन्हा १०० पासून सुरू होते. म्हणजे पाच झेंडे घेऊन आपटलात आणि उरलेले पाच पुढच्या लाइफमध्ये घेतलेत, तर १५०० अधिक १५००, फक्त ३०००. हा फरक मुलांना कागदावर लिहून दाखवा, त्यांचं खेळणंच बदलतं. झेंड्यामागे आंधळेपणाने धावणं बंद होतं.

झेंड्यांपैकी एकावर 'एस' हे इंग्रजी अक्षर असतं. तो घेतला की पुढच्या झेंड्यांचे गुण दुप्पट. तो शेवटी घेतला तर दुप्पट करायला काही उरत नाही. त्यामुळे सापडेल तितक्या लवकर घ्यावा. लाइफ गेली की दुप्पटही गेलं. (हाच झेंडा नामकोने पुढे झेव्हियस या विमानांच्या गेममध्ये लपवून ठेवला, तिथे तो मिळाला की एक लाइफ जास्त मिळते.)

तिसरा राउंड आणि त्यानंतर दर चौथा राउंड बोनसचा. त्यात लाल गाड्या जागेवर उभ्या असतात, पेट्रोल संपेपर्यंत हलत नाहीत. बरेच जण तो नुसता गुण लुटायचा राउंड समजतात. मला वाटतं नकाशा पाठ करायला याहून चांगली संधी नाही. मागे कोणी नसतं, कोणती गल्ली कुठे निघते ते निवांत पाहता येतं. सांभाळायचे फक्त दगड आणि उभ्या गाड्या.

न्यू रॅली-एक्समध्ये काय वेगळं

मूळ गेम अवघड गेला, म्हणून नामकोने लगेच पुढच्या वर्षी ही आवृत्ती काढली. नकाशे सोपे केले, रंग बदलले, संगीत नवं दिलं आणि सुरुवातीला मागे लागणाऱ्या लाल गाड्या कमी केल्या. नियम तेच. भर पडली ती 'एल' अक्षराच्या झेंड्याची: तो घेतला की त्या क्षणी टाकीत जितकं पेट्रोल असेल त्याचे जास्तीचे गुण मिळतात.

या एका झेंड्याने डावात छान पेच येतो. 'एल' लवकर घ्यावा, कारण टाकी भरलेली असते. 'एस'ही लवकर घ्यावा, कारण पुढचे सगळे दुप्पट होतात. दोन्ही दोन टोकांना असले तर? मी 'एस'कडे आधी जातो, कारण त्याचा फायदा प्रत्येक पुढच्या झेंड्याला होतो. पण 'एल' वाटेतच असेल तर तो सोडून पुढे जाण्यात अर्थ नाही. ही निवड करता यावी इतकी उसंत न्यू रॅली-एक्स देतो. मूळ गेममध्ये पहिल्या काही दिवसांत विचार करायला वेळच मिळत नाही. नुसतं पळणं होतं, आणि पळण्यातून हा गेम शिकता येत नाही. म्हणून क्रम हा: आधी न्यू, रडार अंगवळणी पडलं की मूळ. मूळ रॅली-एक्समध्ये लाल गाड्यांना चुकवून घेतलेल्या दहाव्या झेंड्याचं जे समाधान आहे, ते न्यूमध्ये तितकं येत नाही, हेही खरं.

हेड ऑन: लहानांसाठी

यात एकात एक असे चौकटीचे ट्रॅक असतात आणि त्यांवर ठिपके. गाडी आपोआप पुढे जाते, मागे येत नाही. समोरून कॉम्प्युटरची गाडी उलट्या दिशेने येते आणि तुमच्यावर आदळायला बघते. ट्रॅक बदलायचा तो फक्त मधल्या मोकळ्या जागेत. बटण दाबलं की वेग वाढतो. सगळे ठिपके खाल्ले की जिंकलात.

पूर्ण मैदान एकाच पडद्यावर दिसतं, रडार नाही, पेट्रोल नाही. लहान मुलाला पाच मिनिटांत समजतो. शिकवायची युक्ती एकच: मोकळी जागा आली की लगेच उडी मारू नको, समोरच्याला आधी ट्रॅक बदलू दे, मग तू बदल. मोठ्यांना मात्र याचा लवकर कंटाळा येतो. तासाभराने नवं काही उरत नाही.

खेळायला मिळण्याच्या बाबतीत रॅली-एक्सची बाजू भक्कम आहे. पहिल्या प्लेस्टेशनवरच्या नामको म्युझियम व्हॉल्यूम १ या जुन्या गेमच्या संग्रहात रॅली-एक्सचे दोन्ही भाग एकत्र आहेत. २००५ च्या नामको म्युझियम ५० अ‍ॅनिव्हर्सरीत मूळ रॅली-एक्स आहे आणि ती आवृत्ती कॉम्प्युटरवरही आली होती. जुनी सीडी मिळाली तर व्हॉल्यूम १ पहिली घ्या, एकात दोन्ही होतात.

शेवटी गेम खेळायच्या रिमोटचं, कारण गेम बरोबर निवडूनही इथे घोळ होतो. मोबाइलच्या काचेवर हे गेम खेळू नका. मूळ मशीनला चार दिशांची दांडी आणि धुराचं एकच बटण होतं. काचेवर अंगठ्याला दिशा कळत नाही आणि वळण अर्ध्या क्षणाने हुकतं. भुलभुलैयात तेवढंच पुरे होतं. कीबोर्डचे बाण चालतात. साधा यूएसबी रिमोट त्याहून चांगला. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा जवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात घेताना गोल हलणाऱ्या दांडीकडे जाऊ नका, अधिक चिन्हासारखं बटण असलेला मागा. दुकानातच अंगठा ठेवून वर आणि लगेच उजवीकडे असं पाच-सहा वेळा दाबून बघा. मध्येच तिरकं लागत असेल तर दुसरा काढायला सांगा.