मुठीची जाडी आणि टेपर: मापाने करून घेतलेल्या पूल क्यूचे परीक्षण

मापाने क्यू, म्हणजे पूलच्या टेबलावर चेंडू मारायची काठी, करून घ्यायचा ठरला की बहुतेक खेळाडू आधी लाकूड आणि नक्षी निवडतात, मग वजन ठरवतात, शाफ्टबद्दल, म्हणजे पुढच्या बारीक भागाबद्दल, कारागिराशी तासन्‌तास बोलतात आणि बटाच्या, म्हणजे हातात धरायच्या मागच्या भागाच्या, जाडीच्या रकान्यात आधीपासून जो आकडा असेल तो तसाच राहू देतात. माझ्या आधीच्या दोन क्यूंच्या बाबतीत मीही हेच केले होते. तिसऱ्या क्यूसाठी मात्र मी सगळा विचार मुठीपासून सुरू केला. आठ महिने त्या क्यूने खेळल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे आणि ते मुख्यतः दोनच गोष्टींविषयी आहे: मुठीची जाडी किती असावी, आणि ती जाडी बटाच्या लांबीवर कशी वाढत जावी, म्हणजेच टेपर कसा असावा.

पूलचा सर्वसाधारण क्यू 58 इंच लांबीचा असतो आणि मधोमध जोडलेला असतो. पुढचा निम्मा भाग शाफ्टचा, मागचा निम्मा बटाचा. जॉइंटपाशी बटाचा व्यास साधारण 21 ते 21.5 मिलिमीटर असतो आणि शेवटच्या टोकाशी तो 32 मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. नियमांचे या बाबतीत काही म्हणणे नाही. जागतिक पूल संघटनेचे नियम क्यूची किमान लांबी 40 इंच, कमाल वजन 25 औंस आणि टिपची, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पुढच्या टोकाची, कमाल रुंदी 14 मिलिमीटर अशी ठरवून देतात, पण मूठ किती जाड असावी हा प्रश्न त्यांनी खेळाडूवर सोडला आहे.

मी ज्या कारागिराकडे काम दिले त्याच्या मागणीपत्रात जाडीसाठी एकच रकाना होता, आणि तो टोकाच्या व्यासाचा. या सेवेवरचा माझा पहिला आक्षेप इथेच आहे. टोकाला कोणी हात लावत नाही. उभे राहण्याची पद्धत आणि हाताची लांबी यांनुसार हात टोकापासून पंधरा-वीस सेंटीमीटर पुढे असतो, उंच खेळाडूचा त्याहून मागे, आणि तिथली जाडी टोकाच्या आकड्यावरून ठरत नाही. ती टेपरवरून ठरते. टोकाशी अगदी सारखे माप असलेले दोन क्यू हातात घेतल्यावर एक जाड आणि दुसरा बारीक वाटतो, त्याचे कारण हेच.

म्हणून मी जुना क्यू टेबलावर आडवा ठेवून व्हर्नियर कॅलिपरने त्याची मापे घेतली. हा क्यू सरळ टेपरचा, म्हणजे जॉइंटपासून टोकापर्यंत एकाच दराने जाड होत जाणारा होता: जॉइंटपाशी 21.4, टोकाशी 32, म्हणजे दर सेंटीमीटरमागे सुमारे 0.144 मिलिमीटरची वाढ. नेहमीच्या फटक्याला माझा हात टोकापासून 18 सेंटीमीटरवर असतो. तिथे जाडी 29.4 भरली. ब्रेकच्या, म्हणजे डाव उघडणाऱ्या जोरदार फटक्याच्या, वेळी मी हात सहा सेंटीमीटर मागे नेतो, तिथे ती 30.3 झाली होती. चेंडूजवळ वाकून, आखूड पकड घेऊन मारायच्या हळुवार फटक्यांना हात दहा सेंटीमीटर पुढे सरकतो आणि तिथे ती 28 होती. एकाच डावात माझी बोटे सव्वादोन मिलिमीटरचा फरक सोसत होती, आणि मी मात्र हळुवार फटक्यांतल्या चुकांचे खापर टिपवर फोडत होतो.

मोठा हात असेल तर जाड मूठ आणि लहान हात असेल तर बारीक मूठ, हा नियम सगळीकडे ऐकू येतो, पण तो मला अपुरा वाटतो. हाताच्या आकाराइतकीच पकडीची पद्धतही महत्त्वाची असते. क्यू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत हलकेच धरणाऱ्याला बारीक मूठ सोयीची पडते, मग त्याचा पंजा मोठा का असेना. क्यू चारही बोटांच्या वळणात पाळण्यासारखा झुलू देणाऱ्याला ते वळण भरून काढणारी जाडी लागते. मूठ गरजेपेक्षा बारीक झाली तर हात नकळत ती आवळतो आणि आवळलेल्या हाताचे मनगट फटक्याच्या शेवटी वळते. ती गरजेपेक्षा जाड झाली तर अंगठ्याचे टोक बोटांपर्यंत पोहोचत नाही आणि क्यू तळहातावर टेकवून पुढे ढकलावा लागतो.

स्वतःचे माप शोधण्यासाठी जुन्या क्यूवर टेनिसच्या रॅकेटला लावतात तशी पातळ पट्टी गुंडाळून पाहता येते. एका थराने व्यास साधारण एक मिलिमीटरने वाढतो. अडचण अशी की या उपायाने जाडी वाढवता येते, कमी करता येत नाही. मला बारीक मूठ अजमावून पाहायची होती, म्हणून मी काही दिवस स्नूकरचा क्यू उसना घेऊन सराव केला. स्नूकरच्या क्यूचे टोक 28 ते 29.5 मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे हात जिथे पडतो तिथे तो आणखी बारीक भरतो.

कारागिराचे कौतुक करायचे ते पुढच्या गोष्टीसाठी. माझी मापे मिळाल्यावर त्याने थेट क्यू करायला न घेता साध्या मेपलची, जॉइंट नसलेली नमुन्याची मूठ लेथवर करून पाठवली. नेहमीच्या पकडीच्या जागी ती 27.5 मिलिमीटर होती, कारण मी तेवढीच मागितली होती. पहिला अर्धा तास ती अतिशय नेमकी वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की माझ्या बोटांची टोके तळहाताला टेकत आहेत आणि हळू फटक्यांना मी तिला आवळून धरतो आहे. दुसरा नमुना 28.5 चा आला आणि तो महिनाभर हातात राहूनही तक्रारीला जागा उरली नाही. ही पायरी जे कारागीर गाळतात त्यांच्याकडे मी तरी जाणार नाही. क्यूचे लाकूड लेथवर एकदम उतरवत नाहीत. थोडे कापून काही आठवडे किंवा महिने ते तसेच ठेवतात, त्यातला ताण मोकळा होऊ देतात आणि मग पुढचा काप घेतात. शेवटचा काप घेतल्यावर मात्र कमी झालेले लाकूड परत येत नाही. तयार ठोकळ्यापासून किंवा जुन्या अखंड क्यूपासून बट करून घेणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण तिथे जाडीची वरची मर्यादा आधीच ठरलेली असते. जॉर्ज बालाबुष्का (1912-1975) या नामवंत अमेरिकी कारागिराच्या सुरुवातीच्या कित्येक क्यूंना ब्रन्सविक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूंचे लाकूड होते, म्हणजे त्यालाही हातात आलेल्या लाकडाच्या आतच माप बसवावे लागले.

टेपरचा निर्णय जाडीपेक्षा अवघड गेला. 28.5 हा आकडा सरळ टेपरनेही गाठता आला असता, पण मग हात मागे-पुढे होताना जाणवणारा फरक जवळपास तसाच राहिला असता. कारागिराने संयुक्त टेपर सुचवला: बटाचा पुढचा भाग थोडा झपाट्याने जाड करायचा आणि रॅपच्या, म्हणजे पकडीसाठी धागा गुंडाळलेल्या भागाच्या, लांबीत ही वाढ मंदावायची. अंतिम मापे अशी ठरली की जॉइंटपाशी 21.4, रॅपच्या पुढच्या कडेला 26.6, मागच्या कडेला 29 आणि टोकाशी 30.2. यामुळे रॅपच्या 31 सेंटीमीटरमध्ये फक्त 2.4 मिलिमीटरची वाढ होते. जुन्या क्यूत तेवढ्याच लांबीत ती साडेचार मिलिमीटर होती. ब्रेकपासून आखूड पकडीपर्यंत माझ्या बोटांना आता सव्वा मिलिमीटरचाच फरक जाणवतो. त्याचा परिणाम ब्रेकवर फारसा झालेला नाही, हळुवार फटक्यांवर मात्र झाला आहे: हात पुढे नेल्यावर क्यू अनोळखी वाटत नाही आणि पकड नव्याने जुळवावी लागत नाही.

संयुक्त टेपरमध्ये दोन उतार जिथे भेटतात तिथे कारागिराची खरी परीक्षा असते. तिथली वळणरेषा मऊ नसेल तर बट मधेच पोट सुटल्यासारखा दिसतो. माझ्या क्यूवर बोट फिरवून ती जागा सापडत नाही, हे काम चोख झाल्याचे लक्षण आहे. एक गंमत सांगायला हरकत नाही: असा जोडलेला क्यू टेबलावर लोळवला की त्याच्याखालून प्रकाशाची फट दिसते आणि बघणारे लगेच क्यू वाकडा असल्याचे सांगू लागतात. फट एका जागी कायम राहत असेल तर ती टेपरची असते. क्यू फिरताना ती उघडमीट करू लागली तरच वाकाची शंका घ्यावी.

बारीक बटामुळे क्यू कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या उंच कडेवरून, अधिक आडवा धरता येतो, असा एक दावा केला जातो. माझ्या जुन्या आणि नव्या क्यूंच्या टोकाच्या त्रिज्येतला फरक जेमतेम 0.9 मिलिमीटर आहे आणि एक मीटरच्या अंतरावर त्याने कोनात पडणारा फरक अंशाच्या विसाव्या भागाएवढा येतो. तेवढ्यासाठी कोणी बट बारीक करून घेऊ नये.

वजनाचा परिणाम मात्र खरा आहे. मागचा भाग बारीक झाल्याने तिथले सुमारे दहा ग्रॅम लाकूड कमी झाले आणि 19 औंसाच्या, म्हणजे सुमारे 540 ग्रॅमच्या क्यूचा तोल त्यामुळे जवळजवळ एक सेंटीमीटर पुढे सरकला. कारागिराने टोकातला वजनाचा बोल्ट बदलून तो मागे आणला. बट आबनुसाचा असता तर हे गणित वेगळे आले असते, कारण ते लाकूड मेपलपेक्षा बरेच जड असते.

उणीव रॅपची आहे. रॅपसाठी बटात उथळ खाच करतात आणि लिननचा धागा गुंडाळून दाबल्यावर तो बाजूच्या लाकडाशी समपातळीत यावा अशी अपेक्षा असते. माझ्या क्यूवर धागा किंचित वर राहिला आहे. पकडीच्या जागी कॅलिपर 28.5 ऐवजी 28.8 दाखवतो. विचारल्यावर कळले की मला दिलेली मापे खाचेबाहेरच्या लाकडाची रेषा धरून काढली होती आणि धाग्याची जाडी अंदाजाने सोडली होती. खेळताना हे 0.3 मिलिमीटर मला जाणवत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, पण ब्रेकसाठी हात मागे नेताना रॅपची मागची कड बोटाला लागते आणि ती रोज लागते. रॅप काढून, खाच थोडी खोल करून, पुन्हा धागा चढवून द्यायचे कारागिराने मान्य केले आहे, आणि या वेळी मी माप धाग्यावरून घेतलेले हवे असे लिहून दिले आहे.