वेस्ट डीकंपोजर: २० रुपयांच्या बाटलीची परीक्षा

वेस्ट डीकंपोजर म्हणजे काडीकचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राचं (पूर्वीचं राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्र) हे उत्पादन. मूळ किंमत २० रुपये. दोन-तीन एकरवाल्या कुटुंबासाठी खरा फायदा असा की बाटली एकदाच घ्यायची. तयार द्रावणातलं २० लिटर बाजूला ठेवलं की पुढच्या २०० लिटरचं विरजण घरातच.

प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये २०० लिटर पाणी, त्यात २ किलो गूळ विरघळवायचा. गूळ काळा, रसायन न घातलेला घ्या. बाटलीतला माल हात न लावता काठीने ढवळून मिसळा. लोखंडी पिंप नको, द्रावण आंबट होतं आणि पत्रा खातं. तोंडाला गोणपाट बांधा, झाकण घट्ट लावू नका. दिवसातून दोनदा ढवळा. उन्हाळ्यात पाच दिवसांत तयार होतं, थंडीत जास्त लागतात. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर आधी रात्रभर उघडं ठेवा, नाहीतर जिवाणूच मरतात.

एक टन काडीकचऱ्याला २० लिटर द्रावण पुरतं. वीतभर थर, त्यावर शिंपण, पुन्हा थर. आठवड्याला ढीग पालटा. सोयाबीनचं भुसकट छान कुजतं. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीची) मात्र बारीक केल्याशिवाय महिनोन्‌महिने तशाच राहतात. बहुतेकांचं बिनसतं ते ओलाव्यावर: मूठ दाबली की हात ओला व्हावा, पाणी गळू नये.

ठिबकमधून सोडताना दोनदा गाळा. आणि हे खत नव्हे. शेणखत, काडीकचरा नसलेल्या रानात नुसतं ओतून युरियाची भरपाई होणार नाही, कुणी काहीही सांगो.