ट्रॅक्स, शेवेचं तेल आणि इंदूरचा हिवाळा

आमची गाडी बजाज टेम्पोची ट्रॅक्स. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स झालं, त्याच्या आधीची. इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर आपल्याकडे बनलेलं ओएम ६१६: चार सिलिंडर, २.४ लिटर, टर्बो नाही, सेन्सर नाही. जर्मनीत हेच इंजिन २४० डी या टॅक्सी म्हणून गाजलेल्या गाडीत असायचं. आमची मात्र इंदूरपासून तासाभराच्या अंतरावर, पीथमपूरला जन्मली. बाबांनी घेतली होती. आता सांवेरजवळच्या शेतावर जायला, गव्हाची पोती आणायला आणि पाहुणे आले की ओंकारेश्वर, मांडू दाखवायला वापरतो. चालवते बहुतेक मीच.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास तिला दुसरी टाकी बसवली आणि तळणीचं वापरलेलं तेल घालायला सुरुवात केली. उन्हाळा, पावसाळा आणि नुकताच संपलेला हिवाळा, तिन्ही पाहून झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

सगळे पहिलं विचारतात ते, गाडी चालते का? चालते, व्यवस्थित चालते. जुन्या, प्री-चेंबरवाल्या (म्हणजे इंधन आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं अशा) डिझेल इंजिनाला तेलाचं वावडं नाही. काम वाढतं ते गाडीच्या बाहेर: तेल मिळवा, निवळू द्या, गाळा, साठवा, डब्यांवर चिठ्ठ्या लावा. ज्याला हे करायला आवडत नाही त्याने नुसत्या बचतीच्या आशेवर या फंदात पडू नये.

तेलाचा उगम आमच्या घरातच आहे. वहिनीचा राजेंद्रनगरला फराळाचा धंदा आहे: शेव, चकली, चिवडा, दिवाळीत करंज्या आणि चिरोटे. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल तळून तळून खराब होताना त्यात तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते स्वयंपाकात वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदी ठेवून जुनं तेल अधिकृत गोळा करणाऱ्यांकडे द्यावं लागतं. वहिनीचा धंदा तेवढा मोठा नाही, आणि दोन डब्यांसाठी गोळा करणारा येत नाही. पूर्वी तिचं तेल साबणवाला नेत असे. आता त्याच भावाने मी नेते. दुकानातलं नवं सोयातेल गाडीत घालणं हा वेडेपणा ठरेल. एक तर ते डिझेलपेक्षा महाग, आणि आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. सोयाबीनच्या गावात बसून तरी ते जाळायचं मनात येऊ नये.

इथे रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगायची पद्धत आहे, की त्याने पहिलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं. तसं नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो नावाच्या कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन भुईमूग तेलावर चालवून दाखवलं होतं, फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून, आणि डिझेलने ते १९१२ मध्ये लिहून ठेवलं. इंजिन मुळात खनिज तेलासाठी बनवलेलं होतं आणि त्यात काही बदल न करता ते चाललं, हे त्यालाही विशेष वाटलं होतं. पण त्या काळची इंजिनं संथ होती. ती हकीकत सांगून आजच्या गाडीत कढईतलं तेल ओतणाऱ्यांची मला भीती वाटते.

अडचण घट्टपणाची आहे. ४० अंशाला सोयातेल डिझेलच्या साधारण दहा पट घट्ट असतं. ते थंडच नोझलमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या तोटीत, गेलं तर बारीक फवारा होत नाही, पिचकारीसारखी धार लागते. धार नीट जळत नाही, नोझलच्या तोंडाशी आणि पिस्टनच्या रिंगांत काजळी धरते, आणि न जळलेलं तेल सिलिंडरच्या कडेने खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तेच तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवलं की घट्टपणा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो. डिझेलइतकं पातळ होत नाही, पण या इंजिनाला चालतं. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळं गॅरेज चाचा म्हणतं, त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं: "दीदी, इंजन तो सब पी लेगा, नोझल नहीं पियेगा."

म्हणून दोन टाक्या. मूळ टाकीत डिझेलच. मागे डाव्या बाजूला स्टीलची छोटी टाकी, तिच्यात रेडिएटरचं गरम पाणी फिरवणारी गुंडाळी, पुढे तेलाचा वेगळा फिल्टर, आणि डॅशबोर्डवर एक खटका. गाडी डिझेलवर सुरू करायची, पाण्याचा काटा वर आला की तेलावर टाकायची, आणि मुक्कामाच्या चार-पाच किलोमीटर आधी परत डिझेलवर आणायची, म्हणजे पंप आणि नोझल धुऊन निघतात. बसवताना दोन मुद्द्यांवर चाचांशी वाद झाला. गुंडाळी तांब्याची करू या, लवकर तापते, असं त्यांचं म्हणणं. पण तांब्याच्या संगतीत तेल लवकर खराब होतं, म्हणून मी स्टीलवर अडून बसले. दुसरा वाद नळ्यांचा. साधी रबरी नळी तेलाने हळूहळू मऊ पडते, फुगते. व्हिटॉनची (तेलाला टिकणाऱ्या खास रबराची) नळी महाग असते, पण तिथे पैसे वाचवू नयेत.

या पद्धतीची एक अट शहरात राहणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. इंदूरच्या मध्यावरच्या राजवाड्यापर्यंत जाऊन यायचं असेल तर काटा वर येईपर्यंत घर येतं. तेवढ्यात तेलावर टाकण्यात काही अर्थ नाही, उलट नुकसान. शहरातलं सगळं फिरणं डिझेलवरच होतं. तेलाचा उपयोग सांवेर, देवास, उज्जैन, खंडवा रोड अशा लांब फेऱ्यांना. तुमची गाडी दिवसभर सिग्नलवर उभी राहणारी असेल तर पुढचं वाचू नका.

आता गाळण्याबद्दल, कारण माझे रविवार तिथेच जातात. तेल पंधरा किलोच्या डब्यांतून येतं. आधी निळ्या पिंपात निदान पंधरवडाभर निवळू द्यायचं. तोटी तळापासून वीतभर वर बसवली आहे, खालचा गाळ तिथेच राहतो. मग मलमल, मग पाच मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिशवी, शेवटी एक मायक्रॉनची. चकलीचं तेल पटकन गाळून होतं. शेवेचं मात्र छळतं. बेसनाचा अतिबारीक कण तेलात तरंगत राहतो, निवळायला वेळ घेतो आणि पिशवीवर असा लेप धरतो की तेल थेंबाथेंबाने उतरतं. हळद-तिखटाच्या रंगाचं काही बिघडत नाही. पाण्याचं बिघडतं: पंपाचे भाग गंजतात. पाण्याची परीक्षा स्वयंपाकघरातली आहे. तवा चांगला तापवून त्यावर चमचाभर तेल टाकायचं, तडतडलं की पाणी आहे. मग ते तेल उन्हात तापवून पुन्हा निवळायला ठेवायचं. मे महिन्यात इंदूरचं ऊन हे काम फुकट करतं. पावसाळ्यात झाकण जरा सैल राहिलं तरी तवा तडतडतो.

हिवाळ्यात मात्र खरी परीक्षा झाली. दिवाळीत वहिनीकडून वर्षातलं सगळ्यात जास्त तेल येतं, आणि लगेच थंडी सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा १० च्या खाली जातो. एके सकाळी पिंपाच्या तोटीतून तेल येईना. झाकण काढलं तर वर पिवळं तेल, खाली पांढुरका थर. वहिनी काही पदार्थ सोयातेलात करते, काही पामोलीनमध्ये, म्हणजे पाम तेलाच्या पातळ भागात. पामोलीन थंडीत थिजतं, सोयातेल थिजत नाही. करंज्या-चिरोट्यांचं वनस्पती तूप तर साबणासारखं झालं होतं. ते मी तेव्हापासून घेतच नाही, साबणवाल्याची गिऱ्हाइकी तेवढी टिकून आहे.

मग सगळं सोयातेलच का घेत नाही? इथेच गोम आहे. थंडीत न थिजण्याचा सोयातेलाचा जो गुण, तोच दुसरीकडे अवगुण होतो. त्याची आयोडीन संख्या १२० ते १४० च्या दरम्यान, पामोलीनची साधारण त्याच्या निम्मी. ही संख्या जितकी मोठी तितकं तेल हवेशी आणि उष्णतेशी लवकर जोडलं जाऊन चिकट होतं. कढईच्या बाहेरून जो पिवळा, न निघणारा थर बसतो तो तसाच. असं तेल थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरत राहिलं तर ऑइल आधी घट्ट आणि मग जेलीसारखं होतं, आणि तिथे इंजिनाचा जीव जातो. म्हणून पिंपं आता वेगळी आहेत. उन्हाळ्यात पामोलीन, थंडीत सोयातेल, तेही निम्मं डिझेल मिसळून. आणि इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात बदलायचं, यात चालढकल नाही. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळून बघायची सवय लागली आहे. पातळी न भरता वाढलेली दिसली तर लगेच गाडी डिझेलवर.

चालवताना फरक किती? सपाट रस्त्यावर जवळजवळ नाही. आवाज किंचित मऊ वाटतो. बडवाह्याकडून परत येताना भेरूघाट चढायचा तर गाडी भरलेली असताना एक गिअर लवकर खाली घ्यावा लागतो. तेलात लिटरमागे ऊर्जा थोडी कमीच असते, त्यामुळे डिझेलवर हायवेला लिटरमागे अकरा किलोमीटरच्या आसपास मिळतात तिथे तेलावर दहाच्या थोडं वर. वासाचा विनोद सगळ्यांनी करून झाला आहे. हो, शेवेचा वास येतो. कचऱ्याच्या गॅसवर सिटी बस चालणाऱ्या गावात त्याचं कोणाला फारसं नवल वाटलं नाही. पीयूसीला धुराची मर्यादा या वयाच्या गाडीसाठी ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, ती आरामात पार होते.

हिवाळा संपल्यावर नोझल काढून पंपवाल्याकडे तपासले. दोनांचा फवारा स्वच्छ, एकाच्या तोंडाला थोडी काजळी, चौथा टपकत होता. टपकणारा बहुधा आधीचाच जुना असेल, तरी बदलला. एका हिवाळ्यावरून छातीठोक सांगता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा काढून बघणार.

पैशांचं बोलू. टाकी, गुंडाळी, खटका, नळ्या, मजुरी मिळून पंचवीस हजारांच्या आतबाहेर गेले. डिझेल इथे नव्वदीच्या पुढे आहे. साबणवाल्याचा भाव, फिल्टरच्या पिशव्या, दुप्पट वेळा बदललेलं ऑइल हे सगळं वजा करून लिटरमागे वीस-पंचवीस रुपये हातात राहतात. आमच्यासारखा बेताचा वापर असेल तर खर्च निघायला बरीच वर्षं जातील. माझ्या रविवारांची मजुरी धरली तर कधीच नाही. ती मी धरत नाही, कारण मला पिंपाशी उभं राहायला आवडतं. घरच्यांचं मत वेगळं आहे. मागच्या व्हरांड्याच्या फरशीवर तेलकट पायांचे ठसे उमटतात, यावर आईने स्वतंत्र अनुभव लिहिला असता.

तेलाचं घरीच बायोडिझेल करा, मग दुसरी टाकीही नको, असं बरेच जण सुचवतात. रसायनशास्त्र सोपं आहे: मिथेनॉल आणि कॉस्टिक घातलं की ग्लिसरीन खाली बसतं. पण मिथेनॉल विषारी, त्याची वाफही विषारी, आणि ज्वाला दिवसाउजेडी धड दिसत नाही. आईच्या स्वयंपाकघराच्या मागे ते करायला मी तयार नाही.

कागदपत्रांबद्दल: नोंदणीपुस्तकात माझं इंधन 'डिझेल' आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना मंजुरी मागतं. विमा कंपनीला लेखी विचारलं, दोनदा आठवण केली, उत्तर नाही. उद्या अपघात झाला तर दावा अडू शकतो, हे धरूनच मी चालते. तुम्ही बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

दुसरी गाडी शोधणाऱ्यांसाठी: जुनी मॅटाडोर, मारुतीची झेन डिझेल, एस्टीम डिझेल, पहिली इंडिका, इसुझु डिझेलची अॅम्बेसेडर, ही सगळी प्री-चेंबर किंवा स्वर्ल-चेंबरवाली इंजिनं. त्यातल्या त्यात इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेला) मिळाला तर उत्तम, रोटरी पंप घट्ट तेलाला लवकर दमतो. सीआरडीआय, म्हणजे प्रचंड दाबाने इंधन फवारणाऱ्या नव्या डिझेल गाडीत मात्र चमचाभरही नको. आमच्या ट्रॅक्सचे नोझल सव्वाशे बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उघडतात, तिथे हजार-दीड हजार बार असतात, भोकं केसाएवढी, आणि एक इंजेक्टर बदलायच्या खर्चात माझी दुसरी टाकी निघेल. सोसायटीतल्या एका काकांनी त्यांच्या नव्या गाडीसाठी डबाभर तेल मागून पाहिलं. त्यांना वहिनीचा नंबर दिला आहे, चिवड्यासाठी.