हेडमास्तर संघाची मेंबरशिप घ्यावी का? दोन वर्षं अध्यक्ष राहिल्यावर माझं मत

मार्चअखेर माझी अध्यक्षपदाची दोन वर्षं संपली. आमच्या भागातल्या हायस्कूल हेडमास्तरांचा संघ, नाव मुद्दाम देत नाही कारण चार कडू गोष्टीपण लिहिणार आहे. नवीन झालेले हेडसर सारखं विचारतात, बाई मेंबर होऊन मिळतं काय, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित हायस्कूलची हेडमिस्ट्रेस, संघाची फी वर्षाला 500 रुपये.

सगळ्यात कामाचं म्हणजे परिपत्रकं. वरून येतात ती कन्नडमध्ये, मोबाईलवर पीडीएफ, तीपण वाकडी स्कॅन केलेली, आणि खाली एक ओळ ठरलेली, 'इंदु संजे 5 गंटेयोळगे', म्हणजे आज संध्याकाळी पाचच्या आत. मला कन्नड बोलायला येतं, बाजारात बसमध्ये कुठंच अडत नाही, पण सरकारी कन्नड म्हणजे वेगळंच प्रकरण, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, आणि नेमका त्याच वेळी गणिताचे सर रजेवर असतात म्हणून मी नववीच्या वर्गावर उभी असते. आमच्या ग्रुपवर कन्नड माध्यमाचे एक हेडसर आहेत, ते परिपत्रक आलं की वाचून मराठीत व्हॉइस नोट टाकतात. "बाई, चौथा कॉलम भरू नका, ते प्रायमरीवाल्यांना हाय." दीड मिनिटात विषय संपला. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही, मी एकदा विचारलं तर म्हणाले, शेजारची शाळा मराठीच आहे की, ते आम्हाला आणि आम्ही त्यांना. माझ्या मते पाचशे रुपये इथंच वसूल.

दुसरं दाखल्यांचं. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून मामाच्या गावी शिकायला येणारी पोरं दरवर्षी असतात, तिकडचा दाखला 'सरल'मधला आणि आमच्याकडं सगळं एसएटीएसवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदीची दोन राज्यांची दोन पोर्टलं. माझ्याकडं नववीत एक मुलगी आली तिच्या दाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, आणि मुलीच्या नावात एक अक्षर जास्त. आता नाही सुधारलं तर दहावीच्या मार्क्सकार्डावर तेच छापून येणार आणि मग ती पोरगी आयुष्यभर ॲफिडेव्हिट करत फिरणार. एका ऑफिसात तीन हेलपाटे घातले, दरवेळी नवा कागद मागितला. शेवटी संघातल्या एका शाळेचे जुने क्लार्क रविवारी स्वतःच्या डब्यासकट येऊन बसले, कुठला अर्ज आधी, त्याला काय जोडायचं, सगळं ओळीनं लावून दिलं आणि काम झालं. मुलीची आजी दुसऱ्या दिवशी शाळेत घरचे तांदूळ घेऊन आली होती.

आणि 2024 मध्ये दहावीची परीक्षा वर्षाला तीनदा घ्यायला लागले, परीक्षा 1, 2, 3, हॉलमध्ये कॅमेरे, वेबकास्टिंग म्हणजे हॉलमधलं चित्र वरच्या ऑफिसात थेट दिसणार, त्यामुळं हेडमास्तरला उन्हाळ्याची सुट्टी अशी उरलीच नव्हती. पहिल्या वर्षी सगळे घाबरलेले. तेव्हा ज्यांच्या शाळेत परीक्षेचं सेंटर होतं त्यांनी बाकीच्यांना बोलावून वायरिंगपासून दाखवलं, ती अर्ध्या दिवसाची भेट मोठ्या हॉलमधल्या कुठल्याही शिबिरापेक्षा उपयोगी पडली.

आता जे पटलं नाही ते. मीटिंग कायम बेळगावात. अकराची वेळ म्हणजे बारा, मग स्वागत, शाली, श्रीफळ, आणि प्रश्न विचारायला उरतात वीस मिनिटं. कणकुंबी-जांबोटीकडच्या हेडसरांनी पावसाळ्यात सकाळची बस धरून यायचं आणि दुसऱ्याचा सत्कार बघून परत जायचं, हे मला मेंबर असतानापासून खटकायचं. अध्यक्ष झाल्यावर शाली बंद केल्या. दोन ज्येष्ठ सर माझ्याशी वर्षभर नीट बोलले नाहीत, त्याचं वाईट अजून वाटतं, मी आधी त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. एक मीटिंग खानापुरात घेतली. तिथं दहा वर्षांत तोंड न उघडलेले सर उठून वीस मिनिटं बोलले, त्यांच्या शाळेत कन्नडला शिक्षकच नाही म्हणून. त्या दिवशी मला कळलं की ते गप्प नव्हते, लांब होते.

शिक्षकभरतीचं मात्र माझ्याच्यानं काही झालं नाही. निवेदनं दिली, पोचपावतीचे शिक्के फाईलभर आहेत, पण रिकाम्या जागा रिकाम्याच. ज्यांना वाटतं संघात गेलं की शिक्षक मिळेल त्यांना मी खोटी आशा देणार नाही. अजून एक राहिलं, जिल्हा एक असला तरी शिक्षण जिल्हे दोन, बेळगाव आणि चिक्कोडी, डीडीपीआय म्हणजे शिक्षण उपसंचालक वेगळे, त्यामुळं निपाणीकडच्या मराठी शाळांशी आमचं बोलणंच होत नाही. दुखणी तीच आहेत. दोनदा फोन केले, पुढं नेटानं धरलं नाही, ती चूक माझी.

पाचपैकी साडेतीन देते. खानापूरसारख्या मीटिंगा चालू राहिल्या तर चार.

फी जूनमध्ये घेतात, पावती मागून घ्या, आणि पहिल्याच दिवशी ग्रुपवर तुमची शाळा, माध्यम आणि क्लार्कचा नंबर टाका.